नाव सोनुबाई, गळाला कथील: फ्लाय फिशिंगसाठी शिसं नसलेली वजनं कशी निवडायची

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (न्यू हॅम्पशायरमधले पाच-सहा मराठी लोक, सगळ्यांना गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं वेड, ग्रुपचं नाव सांगण्यासारखं नाही) एकाने दुकानातून फोटो टाकला. हातात तीन पाकिटं. एकावर टिन, एकावर टंगस्टन, आणि तिसऱ्यावर नुसतंच नॉन-टॉक्सिक, म्हणजे कशाचं ते देवाला माहीत. खाली प्रश्न, "यातलं कुठलं घेऊ? आणि साधं शिसं का नाही मिळत इथे? मी येताना गावाहून डबीभर गोळ्या आणल्यात, त्या चालतील ना?"

नाही चालणार. इथे १ जून २०१६ पासून एक औंस किंवा त्याहून कमी वजनाचे शिशाचे सिंकर (दोरीला लावायची वजनं) आणि जिग (डोक्यावरच वजन ओतलेले गळ) वापरायलाच काय, विकायलाही बंदी आहे. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, म्हणजे आपण नदीवर दोरीला लावतो त्या सगळ्याच गोळ्या त्यात आल्या. पण "कायदा आहे" एवढं सांगून भागत नाही, कारण माणूस निमूट कुठलंतरी पाकीट उचलतो, नदीवर जातो, फ्लाय तळाला जातच नाही आणि मग घरी येऊन म्हणतो की हे पर्यावरणवाले आपल्याला मासे पकडू देत नाहीत. म्हणून जरा बैजवार लिहितोय, ज्यांनी आयुष्यात फ्लाय रॉड हातात धरला नाही त्यांनाही कळेल असं.

फ्लाय म्हणजे काय, आणि तिला वजन कशाला?

आपल्याकडे गरी म्हटली की तिला कोळंबी किंवा गांडूळ लावायचं, वर शिसं बांधायचं आणि त्या शिशाच्या जोरावर दोरी लांब फेकायची. फ्लाय फिशिंगमधे उलटं आहे. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, दोरा, केस गुंडाळून बनवलेला खोटा किडा, त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे फेकायचं वजन जाड दोरीत असतं. आपण दोरी फेकतो, किडा तिच्यामागून वरातीत आल्यासारखा येतो.

आता गंमत अशी की ट्राउट मासा पृष्ठभागावर येऊन किडे टिपतो ते दृश्य फोटोत छान दिसतं पण तो बहुतेक वेळ जेवतो पाण्याखाली, तळाजवळ. तिथे किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं असतात, त्यांना निम्फ म्हणतात. आपली निम्फ तिथे पोचायला हवी, आणि वरचं पाणी जोरात वाहतं, तळाचं हळू, त्यामुळे हलकी फ्लाय खाली पोचायच्या आधीच वाहून पुढे जाते. म्हणून वजन. ते लावायच्या जागा दोनच, एकतर फ्लायच्या आतच (मणी किंवा गुंडाळलेली तार), नाहीतर फ्लायच्या वर दोरीवर, फट असलेली छोटी गोळी चिमटून. या गोळीला स्प्लिट शॉट म्हणतात, मी पुढे नुसतं गोळी म्हणणार आहे.

दोन्ही जागी वर्षानुवर्षं शिसंच होतं, आणि का होतं ते उघड आहे, जड, मऊ, स्वस्त, आणि ३२७ अंशाला वितळतं म्हणजे घरच्या चुलीवरसुद्धा ओतता येतं.

मग शिशाने बिघडवलं काय?

इथे लोकांचा एक गैरसमज असतो की शिसं नदीत विरघळून पाणी विषारी होतं. तसं फारसं नाही. शिशाची अख्खी गोळी साध्या नदीच्या पाण्यात वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच पडून राहते. आणि अडचण नेमकी तिथेच आहे, ती पडून राहते, आणि कुणीतरी ती उचलतं.

इथल्या तळ्यांवर लून नावाचा पक्षी असतो, काळा-पांढरा, लाल डोळ्यांचा, रात्री असा ओरडतो की नवीन माणूस घाबरतो. (कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच आहे, म्हणून त्या नाण्याला लूनी म्हणतात.) पक्ष्यांना दात नसतात, तर ते बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या स्नायूच्या पिशवीत त्या खड्यांनी अन्न दळतात. चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा मागतो ना आपण, त्यातला पेटा म्हणजे तीच पिशवी. थोडक्यात पोटात जातं घेऊन फिरणारा प्राणी. लून तळ्याच्या तळातून खडे उचलतो आणि आपली हरवलेली गोळी अगदी खड्यासारखीच दिसते. किंवा दोरी तोडून पळालेला मासा तो गिळतो, गोळीसकट.

आता विचार करा, जात्यात शिशाची मऊ गोळी, भोवती खडे घासताहेत, आणि वर पोटातलं ॲसिड. नदीत जी गोळी वर्षानुवर्षं विरघळली नसती ती इथे झिजून रक्तात जाते. एक गोळी पुरते. पक्षी साधारण दोन ते चार आठवड्यांत मरतो, आणि तोसुद्धा लगेच नाही, आधी उडता येत नाही, मग मासे पकडता येत नाहीत. न्यू इंग्लंडमधे मेलेल्या मोठ्या लूनची तपासणी होत आली आहे, त्यात मरणाच्या कारणांमधे मासेमारीचं शिसं सगळ्यात वर निघालं.

आणि लून काही कबूतर नाही की दर दोन महिन्यांनी पिल्लं. तो साधारण सहा वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो आणि वर्षाला जास्तीत जास्त दोन अंडी. त्यामुळे एक मोठा पक्षी गेला की तो हिशोब भरून यायला फार वेळ लागतो.

हे फक्त इथलं खूळ नाही. इंग्लंडमधे हेच हंसांबाबत झालं, ७०-८० च्या दशकात थेम्स आणि एव्हन नद्यांवरचे हंस झपाट्याने कमी झाले, कारण शोधलं तर गळाच्या शिशाच्या गोळ्या. तिथे १९८७ सुरू झालं तसं ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली आणि हंस परत वाढले. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांमधे १९९७ पासून ५० ग्रॅमखालचे शिशाचे सिंकर चालत नाहीत. यलोस्टोनमधे तर गोळ्या, जिग आणि फ्लायच्या आत गुंडाळायची शिशाची मऊ पट्टीसुद्धा नाही, पण खोल तळ्यातल्या लेक ट्राउटसाठी वापरतात ते चार पौंडांवरचे मोठे गोळे चालतात, कारण तेवढा गोळा कुठलाच पक्षी गिळू शकत नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनी डोकं वापरलंय, शिशाचा राग नाही, गिळता येण्याजोग्या शिशाचा आहे.

एक वाटी शिसं, एक वाटी कथील

आता मुद्द्यावर. दुकानात माणूस वजन बघतो, बघायची असते घनता. घनता म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन मावतं. वाटीभर चुरमुरे आणि वाटीभर साखर, वाटी तीच, वजन वेगळं, एवढंच.

१०० मिलीची वाटी घ्या. शिशाने भरली तर १,१३४ ग्रॅम. टिनने म्हणजे आपल्या कथलाने भरली तर ७३० ग्रॅमच्या आसपास. बिस्मथ ९७८. पोलाद ७८५. आणि टंगस्टन १,९२५ ग्रॅम, जवळजवळ दोन किलो, एका वाटीत!

आता ही वाटी पाण्यात बुडवा. शाळेतला आर्किमिडीज आठवा, वाटीने १०० मिली पाणी बाजूला सारलं म्हणजे प्रत्येकाचं १०० ग्रॅम वजन पाण्याने उचललं. शिसं उरलं १,०३४, कथील ६३०, टंगस्टन १,८२५. म्हणजे पाण्याखाली तेवढ्याच आकाराचं कथील शिशाच्या साधारण ६१ टक्केच ओढ देतं आणि टंगस्टन पावणेदोन पटीहून थोडी जास्त.

"६१ टक्के" ऐकलं की लोक कथलाचं पाकीट खाली ठेवतात. थांबा. गोळीचा आकार मोठा केला की भरपाई होते, आणि गोळीचं घनफळ व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतं, म्हणजे व्यास थोडासाच वाढवावा लागतो. शिशाची बीबी मापाची गोळी ०.४ ग्रॅमची, व्यास जेमतेम ४ मिलिमीटर. पाण्याखाली तेवढीच ओढ हवी तर कथलाची गोळी ४.७ मिलिमीटरची लागेल आणि टंगस्टनची ३.३ मिलिमीटरची. पाऊण मिलिमीटरचा फरक! एवढ्यासाठी लोक इंटरनेटवर भांडतात, मीही भांडलोय.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर फरक शून्य नाही. मोठ्या गोळीला पाणी जास्त ढकलतं, त्यामुळे ती जरा हळू बुडते आणि प्रवाहात जरा जास्त वाहते. जोरात वाहणाऱ्या खोल पाण्यात हे जाणवतं, गुडघाभर पाण्यात अजिबात नाही.

मग घ्यायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो, वजन शक्यतो फ्लायच्या आत घाला आणि ते टंगस्टनचं असू द्या, आणि दोरीवर लावायला कथलाच्या बारीक गोळ्यांचं एक पाकीट खिशात ठेवा. बाकी सगळं हौसेचं.

टंगस्टनचे मणी महाग आहेत, पितळेच्या कितीतरी पट, आणि ते का ते समजून घेतलं की पैसे देताना हात कमी थरथरतो. टंगस्टन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या आतली तार. ती वितळत नाही म्हणूनच बल्बमधे होती, ३,४२२ अंश, सगळ्या धातूंमधे सर्वात जास्त. म्हणजे शिशासारखं वितळवून साच्यात ओतायचा प्रश्नच नाही, पावडर दाबून भट्टीत भाजून मणी बनवतात, बरोबर निकेलसारखा दुसरा धातू बांधायला थोडा असतो, त्यामुळे दुकानातला मणी शुद्ध टंगस्टनपेक्षा जरा हलका पण शिशाच्या तरी खूप पुढे. पितळी मण्याच्या जवळजवळ दुप्पट वजन, त्याच मापात. यात खरा फायदा असा की फ्लाय बारीक राहते. खरा किडा बारीकच असतो ना, त्याच्या डोक्यावर हंडा दिला तर मासा हसेल.

हे काही नवीन नाही, फ्लाय फिशिंगच्या जागतिक स्पर्धांमधे दोरीवर वेगळं वजन लावायला नियमानेच बंदी असते, त्यामुळे झेक, पोलिश, फ्रेंच मंडळींनी सगळं वजन फ्लायमधे कोंबायची पद्धत घासून घासून इतकी चांगली केली की आता इथले निम्मे लोक तसंच गरवतात आणि त्याला युरो निम्फिंग म्हणतात. मणी घेताना दोन प्रकार दिसतील, गोल भोकाचे साध्या गळासाठी आणि चिरेचे वाकड्या मानेच्या जिग गळासाठी, उलटसुलट घेऊ नका, मी घेतलेत, बसत नाहीत. मापाचं म्हणाल तर (नंबर वाढला की गळ बारीक होतो) १४ नंबरच्या गळाला २.८ मिलिमीटर, १२ ला ३.३, १६ ला २.४ च्या आसपास, सुरुवातीला एवढं पुरे. एकच मणी घ्यायचा असेल तर २.८.

कथील. याच्याबद्दल मराठी माणसाला सांगायची गरजच नाही, "नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा" मधलं हे कथील. आणि कल्हई कशाची असते? कथलाचीच. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावून घ्यायच्या की आमटी कळकू नये, म्हणजे जो धातू आपण पिढ्यानपिढ्या जेवणाला लागू दिला तोच आता गळावर येतोय. लूनने गिळला तरी खड्यासारखा निघून जाईल. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत, त्याजागी मंजूर झालेल्यांत पोलाद, बिस्मथ-कथील आणि टंगस्टनचे काही मिश्र धातू आहेत, म्हणजे या नावांवर तेवढी तपासणी झालेली आहे.

कथलाची अडचण वेगळी आहे, ते शिशापेक्षा कडक. शिशाची गोळी बोटाने चिमटली जायची, कथलाची नाही चिमटली जात, आणि जोर लावून दाबली तर बारीक दोरीला चिरते. उपाय म्हणजे चिमटा वापरायचा (दात नव्हे, यावर खाली बोलतो), दोरी ओली करायची, आणि गोळी गाठीच्या लगेच वर लावायची म्हणजे घसरून फ्लायवर येत नाही. आणखी एक, एक मोठी गोळी लावण्यापेक्षा दोन-तीन बारीक लावा, फ्लायपासून सहा-आठ इंचांवरून सुरुवात करून वर. तळाला अडकणं कमी होतं आणि बुडण्याचा वेग जुळवता येतो. आणि टिपेट, म्हणजे शेवटची बारीक दोरी, एक नंबर पातळ करून बघा, पातळ दोरीला पाणी कमी अडतं, कित्येकदा वजन वाढवायची गरजच पडत नाही. हे फुकटातलं आहे म्हणून कुणी सांगत नाही.

टंगस्टनची पुट्टीही मिळते, पावडर मेणासारख्या पदार्थात मळलेली. चिमूटभर घ्यायची, बोटात मळून गाठीवर लावायची, नको असेल तर काढायची. कल्पना झकास. पण थंडीत दगड होते, उन्हात बटाट्याच्या भाजीसारखी होते, आणि नवखा माणूस ती अर्धी बोटालाच लावून घरी येतो. बांधणारा पदार्थ हलका असल्यामुळे घनताही टंगस्टन नाव ऐकून वाटते तेवढी नसते. मला नाही आवडत, ज्यांना आवडते त्यांनी खुशाल वापरावी.

फ्लाय घरी बांधणाऱ्यांसाठी शिसं नसलेली तारही मिळते, बहुतेक कथलाचीच मिश्र. ती हलकी असते म्हणून दोन-चार वेढे जास्त द्या किंवा एक नंबर जाड घ्या. ताणून गुंडाळली तर तुटते, हलक्या हाताने.

"नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे झालं की!

इथे जरा जपून. पहिली गोष्ट पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पण यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून जे पितळ वापरतात त्यात मुद्दाम थोडं शिसं घालतात, तीन टक्क्यांच्या आसपाससुद्धा. म्हणजे पितळी मणी आपोआप शिसंमुक्त नसतो. शिशाच्या गोळीपेक्षा तो कितीतरी बरा पण पाकिटावर शिसं नाही असं लिहिलेलं असेल तर घ्या.

दुसरी जस्त. स्वस्त वजनांमधे जस्त असतं आणि जस्तसुद्धा पक्ष्यांना विषारीच, पोटातल्या ॲसिडमधे ते पटकन विरघळतं. इथली १९८२ नंतरची एक सेंटची नाणी आतून जस्ताची असतात आणि ती गिळून प्राणी-पक्षी आजारी पडल्याची उदाहरणं पशुवैद्यांना चांगली माहीत आहेत. तर पाकिटावर धातूचं नाव नसेल तर परत ठेवून द्या, साधी गोष्ट. फोटोतलं ते तिसरं पाकीट म्हणूनच दुकानात परत ठेवायला सांगितलं.

बाकी नावावर कधीच जाऊ नये, आपण पिढ्यानपिढ्या शिसपेन्सिल म्हणतो, तिच्यात शिशाचा कणही नसतो.

"माझ्या एका गोळीने काय होणार?"

हा प्रश्न हमखास येतो. एका गोळीने एक लून मरू शकतो, वर सांगितलंच. पण समजा नाही मरत. आपण एका दिवसात किती हरवतो ते प्रामाणिकपणे मोजा, तळाच्या दगडात, बुडालेल्या फांदीत, मी तर चांगल्या दिवशीही चार-पाच गमावतो. कित्येक जण मुद्दाम अशी गाठ बांधतात की अडकलं तर फक्त गोळी निघून जावी आणि फ्लाय वाचावी. चांगली युक्ती आहे, मीही करतो, पण याचा अर्थ आपण गोळी हरवायची सोयच करून ठेवली. मग ती कशाची आहे याला महत्त्व आलंच.

"टंगस्टन खाणीतून काढायला त्रास होत नाही का निसर्गाला?" होतो. शिशालाही होतो. एका फ्लायमधे पाव ग्रॅम लागतो.

"महाग आहे." मणी हो, कथील नाही. तेही खिशाला जड वाटत असेल तर कमी फ्लाय हरवायला शिका, स्वस्तातला उपाय तोच, पण मला अजून जमलेला नाही.

दात, चूल आणि गावाकडची पाग

आमचे एक काका खाडीवर पाग टाकायचे. पागेच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्या वजनाने जाळं गोल उघडून खाली बसतं, बघत राहावं असं दृश्य. मणी कमी झाले की परसात चुलीवर डब्यात शिसं वितळवायचे आणि ओतायचे, आम्ही पोरं भोवती उकिडवी बसून ती चकाकणारी साय बघायचो. गरीवरची गोळी तर दातानेच दाबायची, दुसरी पद्धतच माहीत नव्हती. तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. आता माहीत आहे की लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, म्हणूनच भारतात २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि नंतर रंगातल्या शिशावर मर्यादा आली. पागेचं शिसं धाग्यात ओवलेलं असतं, ते गोळीसारखं रोज हरवत नाही, त्यामुळे गावाला जाऊन कुणाला उपदेश करणार नाहीये मी. पण चुलीजवळ पोरं नकोत आणि गोळी दाताने दाबायची नाही, एवढं फोनवर सांगितलंय. काका म्हणाले, माझे दात कुठे उरलेत आता.

राहिली ती गावाहून आणलेली डबी. शिसंच आहे का ते बघायला सोपं, कागदावर घासलं तर राखाडी रेघ उठते आणि नखाने खूण पडते. कथलाची जाडसर तार असेल तर कानाजवळ धरून वाकवा, कुरकुर असा बारीक आवाज येतो, कथील रडतं म्हणतात त्याला. डबी कचऱ्यात टाकायची नाही, नदीत तर नाहीच, गावातल्या घातक कचऱ्याच्या संकलनाच्या दिवशी द्यायची आणि नंतर हात धुवायचे.

ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याने शेवटी कथलाच्या गोळ्या आणि टंगस्टनचे २.८ चे मणी घेतले. पहिल्याच शनिवारी सूहेगन नदीवर गेला आणि चार फ्लाय मागच्या झाडाला लटकवून आला. सगळ्या टंगस्टनच्या. आता ग्रुपवर विचारतोय की शिडी कुणाकडे आहे.